पाळकाला कोण विचारतं, जेवलाय काय म्हणून

गेल्या महिन्यात आमच्या तरुण संघाच्या शिबिरात मला बोलायला उभं केलं. विषय दिलेला 'संकटकाळात ख्रिस्ती पुढाऱ्याची विश्वासातली खंबीरता', बॅनरवर पण तेच आणि मागं सिंहाचा भला मोठा फोटो. तो सिंह बघूनच माझ्या पोटात कालवलं, कारण मी कोरोनाच्या त्या दिवसांत कसा होतो ते मला माहीत आहे आणि माझ्या बायकोला माहीत आहे. बोलायला सुरुवात केली, पंधराएक मिनिटं झाली, आणि पावसानं लाईट गेली, माईक बंद, पोरं चहाला पळाली. राहिलेलं इथं लिहितोय, जमेल तसं.

आधी सांगतो की मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपला सुपरवायझर आहे आणि मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे काय, तर हॉलची किल्ली, दफनभूमीचं रजिस्टर, दानार्पणाचा हिशेब आणि भांडणं. आमच्या इथं एकाच इमारतीत सकाळी कन्नड उपासना आणि नंतर मराठी, त्यामुळं भांडणात पण व्हरायटी आहे, पंख्याचं बिल कुणी भरायचं इथपासून. खरं संकट आलं की मात्र सगळे एक होतात, हे मी दोनदा बघितलंय. पहिल्यांदा २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पुराला. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं, पुणे-बेंगळुरू रस्ताच बंद, इकडं शहरात बळ्ळारी नाला फुगून वडगाव-शहापूरकडची भातं पाण्याखाली, विणकरांच्या घरात मागाच्या खड्ड्यात पाणी. तेव्हा हॉल उघडला, खिचडी शिजवली, चादरी वाटल्या, दहा दिवसांत पाणी उतरलं, आम्ही सगळे हिरो. पूर म्हणजे दिसणारं संकट, हातात बादली घेतली की आपण काहीतरी करायलोय असं वाटतं. आम्हाला वाटलं आपण लई खंबीर आहोत.

मग २०२१ आलं.

पहिल्या लाटेत आमच्या मंडळीत फारसं काही झालं नव्हतं, रेशन किट वाटले, झूमवर उपासना घेतली, म्हाताऱ्यांना म्यूट-अनम्यूट शिकवण्यातच निम्मी उपासना जायची. दुसरी लाट वेगळी. १७ एप्रिलला बेळगावची लोकसभा पोटनिवडणूक झाली आणि त्याच्या पुढच्या दोन-तीन आठवड्यांत फोन वाजायचा थांबेना. आमचे पाळकसाहेब घरोघरी जायचे, नको म्हटलं तरी जायचे, प्रार्थना फोनवर होते साहेब म्हटलं तर म्हणायचे, डोक्यावर हात फोनवरून ठेवता येतो काय. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तेच ॲडमिट झाले. आणि मंडळीत सही करायला, दफन करायला, उत्तर द्यायला कोण उरलं, तर किल्लीवाला सेक्रेटरी.

त्या महिन्यात मी सात दफनं केली. मी, ज्यानं आयुष्यात कधी वेदीवर उभं राहून मोठ्यानं वाचलं नव्हतं. पीपीई किटमध्ये घाम असा यायचा की चष्मा धुरकट होऊन सेवाविधीचं पुस्तक दिसायचं नाही, 'मातीस माती, धुळीस धूळ' तेवढं पाठ झालेलं म्हणून निभावलं. पेट्या मिळत नव्हत्या, आमच्या ओळखीचा सुतार प्लायवूडच्या करून द्यायचा, पैसे नंतर बघू म्हणायचा. घरचे चार-पाच जण लांब उभे, रडायला पण मास्कमधून. खड्डा खणायला माणसं तयार होईनात म्हणून जेसीबी लावलेला.

त्यातला चौथा दिवस सांगतो. एकाच दिवशी दोन पेट्या होत्या, एक सकाळी, दुसरी हॉस्पिटलातून सुटायला उशीर म्हणून दुपारी चार वाजता येणार. मधल्या वेळेत घरी जाऊन परत येण्याचं त्राण नव्हतं, किट काढून चिंचेच्या झाडाखाली दफनभूमीच्या कट्ट्यावर बसलो. डोक्यात काही विचार नव्हता, प्रार्थना तर नव्हतीच. एवढंच वाटत होतं की आता तिसरी पेटी माझी आली तर बरं, सुटलो. हे मी शिबिरात बोललो तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन आया एकमेकींकडं बघायला लागल्या, खरं ते तसंच होतं, आता झाकून काय करू.

जेसीबीचा ड्रायव्हर बैलहोंगलकडचा, वयानं माझ्याहून लहान. मशीन बंद करून खाली उतरला, लांबूनच विचारलं, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं काय हो. मी मान हलवली, नाही. त्यानं केबिनमधून फडकं काढलं, दोन कडक जोंधळ्याच्या भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि एक कांदा. एक भाकरी त्यानं झाकणावर ठेवून माझ्यापासून सहा फुटांवर कट्ट्यावर सरकवली आणि मागं गेला. मी खाल्ली. पाणी प्यालो. आणि तिथंच कट्ट्यावर आडवा होऊन झोपलो, आजूबाजूला थडगी, लोकांनी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं. साडेतीनला त्यानं हॉर्न वाजवून उठवलं. दुसरी पेटी आली, वाचलं, झालं, घरी गेलो.

तेव्हा मला एलीया-बिलीया (बायबलातला संदेष्टा) काही आठवला नाही बरं का. हे सगळं सहा महिन्यांनी, डिसेंबरात, कुणीतरी बायबलातल्या पहिले राजे पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचत होतं तेव्हा एकदम टाळक्यात शिरलं. हा एलीया म्हणजे कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवलेला माणूस, बआल दैवताच्या साऱ्या संदेष्ट्यांना पुरून उरलेला, आणि ईजबेल राणीचा एक निरोप आल्यावर पळत सुटला. बैरशेब्याला नोकराला सोडलं, एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून गेला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं आता, माझा प्राण घे. बघा, पराभवानंतर नाही, विजयानंतर. आणि देवानं काय केलं? उपदेश नाही केला. तुझा विश्वास कुठं गेला असं नाही विचारलं. झोपू दिलं. दूताला पाठवून निखाऱ्यावरची भाकरी आणि पाण्याचा चंबू दिला, खाऊन तो परत झोपला, परत उठवून परत भाकरी, कारण वाट तुला झेपणार नाही म्हणून. मग चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगराला पोचला आणि तिथं कुठं देवानं पहिल्यांदा विचारलं, इथं काय करतोस. आधी दोन वेळचं जेवण आणि दोन झोपा, मग प्रश्न. मी लहानपणापासून शब्बाथ शाळेत हा अध्याय ऐकलाय, खरं सगळे मास्तर पुढं देव हळू आवाजात बोलतो त्या मंद वाणीकडं पळायचे, भाकरीवर कुणी थांबायचं नाही.

आता जे मला सांगताना जड जातं ते.

आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वडील होते, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी, वयानं साठीच्या आसपास. ते रोज सकाळी सहाला न चुकता स्तोत्र ९१ टाकायचे. परात्पराच्या गुप्त स्थली वसणारा, तुझ्या बाजूला हजार पडतील तरी तुझ्याजवळ मरी येणार नाही, ते. खाली पन्नास आमेन. मी पण आमेन टाकायचो, कधी न वाचता. मेच्या मध्यात तेच गेले. आठव्या दिवशी त्यांच्या बायकोला भेटायला गेलो, दारातच उभा राहून, तर त्या माउलीनं सरळ विचारलं, "ते रोज टाकत होते न्हवं? मग काय झालं? त्यांचा विश्वास कमी पडला काय?" आणि मी, गाढव, काय म्हणालो, देवाची इच्छा अक्का. ती उठली आणि आत गेली. चहा पण विचारला नाही. बरोबर केलं तिनं.

देवाची इच्छा हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण दारात उभं राहून, घाईत, आपली सुटका व्हावी म्हणून म्हटलेलं खरं वाक्य पण दगडासारखं लागतं. पुढाऱ्याला संकटात सगळ्यात मोठा मोह होतो तो उत्तर द्यायचा. लोक विचारतात म्हणजे आपल्याला माहीत असलंच पाहिजे. आणि मग मत्तयाचा चौथा अध्याय वाचताना मला दिसलं की स्तोत्र ९१ येशूला कोणी म्हणून दाखवलं तर सैतानानं, मंदिराच्या टोकावर उभं करून, उडी टाक, दूत तुला झेलतील म्हणून. वचन तेच, पण कुठं आणि कशाला वापरलं त्यात फरक. येशू म्हणाला परमेश्वराची परीक्षा बघू नको. म्हणजे ते स्तोत्र विम्याची पॉलिसी नाही हे खुद्द त्यानंच सांगितलेलं, आणि आम्ही मात्र रोज हप्ता भरल्यासारखं फॉरवर्ड करत होतो.

दोन महिन्यांनी परत गेलो. या वेळी आत जाऊन खाली बसलो आणि म्हणालो, अक्का, त्या दिवशी मी चुकलो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. आणि स्तोत्र ८८ वाचलं. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, बाकीच्या बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठंतरी तरी पण मी तुझी स्तुती करीन असं वळण येतं, ह्यात येत नाही, सुरुवातीला तारणाऱ्या देवा अशी हाक आहे तेवढीच, आणि शेवट अंधारातच. वाचून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "असं पण आहे काय बायबलात? मग आम्हाला वाचून का दाखवत नाही कधी?" माझ्याकडं याचं पण उत्तर नव्हतं. तेव्हापासून आमच्यात दर महिन्याच्या शेवटच्या बुधवारच्या प्रार्थना सभेत एक विलापाचं स्तोत्र वाचायचं ठरलंय, गाणं नाही, संदेश नाही, वाचायचं आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. पहिल्यांदा लोकांना लई अवघड गेलं, कुणीतरी दोन मिनिटांतच गीत सुरू केलेलं. आता जमतं.

पाळकसाहेब अकरा दिवसांनी घरी आले. आम्ही व्हिडिओ कॉलवर टाळ्या वाजवल्या, प्रभूची स्तुती झाली, संपलं असं वाटलं. ऑगस्टात हॉल उघडला तेव्हा ते उपदेशाला उभे राहिले आणि मध्येच थांबले. पुढच्या रविवारी व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकाच्या खोलीत, उलटी झाली. लोकांना आम्ही शुगर म्हणून सांगितलं. खरं शुगर नव्हती, रविवार जवळ आला की शनिवारी रात्रीपासून त्यांच्या छातीत धडधड सुरू व्हायची, झोप नाही, दरवाजा वाजला की कुणीतरी गेल्याचा निरोप आला असं वाटायचं. (हे त्यांना विचारूनच लिहितोय, तेच म्हणाले लिही, नाव नको घालूस.) पाळकीणबाईंनी एक दिवस मला फोन करून सांगितलं, चार महिने झाले, यांना घेऊन कुठंतरी जाऊया.

आता आमच्या भागात मनाच्या डॉक्टरकडं जायचं म्हणजे धारवाड. धारवाड हे नाव घेतलं की बेळगावात चेष्टाच, 'ह्याला धारवाडला घालायला पाहिजे' असं आपण पोरांना पण म्हणतो. तिथं मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोक जातात, बरे होऊन येतात, ते कुणी सांगत नाही. मंडळीच्या पंचायत सभेत विषय निघाला तेव्हा एकानं विचारलंच, पाळकच धारवाडला गेला तर मंडळीनं कुठं जायचं? सगळे खाली बघायला लागले. तर आमच्या महिला मंडळाच्या एक मावशी, पंचाहत्तरीच्या, ज्या सभेत कधी तोंड उघडत नाहीत, म्हणाल्या, "गेल्या वर्षी दाढ काढायला गेले तेव्हा तू गाडी दिलास न्हवं? तीच गाडी दे." विषय संपला. गाडी त्यानंच दिली, आणि चालवत पण तोच घेऊन गेला, हे सांगायला पाहिजे. गोळ्या होत्या, बोलणं होतं, आठ-नऊ महिने लागले. आता तर १४४१६ वर फोन करून पण बोलता येतं, टेलीमानस म्हणून सरकारी नंबर आहे, २०२२ पासून, पैसे लागत नाहीत, कन्नडमध्ये बोलतात. मी तो नंबर हॉलच्या नोटीस बोर्डावर उपासनेच्या वेळेच्या खाली चिकटवलाय, एकदा कुणीतरी फाडला, परत चिकटवला.

मोशेची गोष्ट पण मला त्याच वर्षी नीट कळली. बायबलातलं निर्गम पुस्तक, अठरावा अध्याय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्याय करत बसलेला, आणि सासरा इथ्रो बघून म्हणतो, हे बरं नाही, तू पण झिजशील आणि लोक पण. मला यात आवडतं ते हे की सल्ला देणारा इथ्रो मिद्यानी, इस्राएली पण नाही, जावयाकडं पाहुणा आलेला. आणि मोशेनं ऐकलं. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमली. आम्ही पण वही काढली. आमची त्रेसष्ट घरं. आधी सगळ्यांची नावं एका पानावर आणि पुढं एकच नाव, पाळक. आता सात पानं, एका पानावर नऊ घरं, प्रत्येक पानाला एक माणूस, त्यातल्या चार बायका, कारण खरं सांगायचं तर कुणाच्या घरी काय चाललंय हे पुरुषांना कधीच माहीत नसतं. आजारी कोण, नोकरी कुणाची गेली, कुणाचं माग बंद आहे, ते पान सांभाळणाऱ्यानं बघायचं, झेपलं नाही तर मग पाळकाकडं. आणि आठवं पान मी नंतर घातलं. त्यावर एकच घर आहे, पाळकांचं. ते पान त्या मावशींकडं आहे, आणि त्या दर गुरुवारी फोन करून फक्त एवढंच विचारतात, जेवलाय काय, झोप लागली काय.

आम्ही पुढाऱ्यांच्या गोष्टी सांगताना त्यांच्या बाजूची माणसं खोडून टाकतो असं मला वाटायला लागलंय. पंडिता रमाबाईंचंच बघा. दुष्काळात आईबाप, बहीण गेली, लग्नानंतर दोन वर्षांत नवरा पटकीनं गेला, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि तरी बायबलचं भाषांतर पुरं करत आणून ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले. हे आपण प्रत्येक महिला दिनाला सांगतो, एकट्या बाईची हिंमत म्हणून. एकटी नव्हती ती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सुंदराबाई पवार होत्या, मिनी अब्राम्स होत्या, मनोरमा स्वतः अर्धा कारभार बघायची, आणि त्या बायबलचे खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या तिथल्याच बायका-मुली होत्या. हिंमत होतीच, त्यात काही कमी करायचं नाही. खरं आपण तरुण पोरांना फक्त रमाबाई दाखवल्या आणि त्या छापखान्यातल्या पोरी नाही दाखवल्या, तर ती पोरं एकटीच झिजून जातील. आमच्या गावचे बाबा पदमनजी, ख्रिस्ती झालेले मराठी लेखक, १८३१ ला इथंच बेळगावात जन्मलेले, त्यांच्याबद्दल पण आम्ही असंच बोलतो, जणू त्यांनी एकट्यानंच सगळं सोसलं, त्यांना शिकवणारे, सांभाळणारे कोण होते ते विचारायचं कधी सुचत नाही. तो वेगळा विषय आहे, परत कधीतरी लिहीन.

शिबिरात एका पोरानं लाईट जायच्या आधी विचारलेलं, अंकल, मग तुमचा विश्वास वाढला काय कमी झाला? मी म्हटलं माहीत नाही रे. आवाज कमी झाला एवढं नक्की. आधी मी प्रार्थनेत लई बोलायचो. येशूनं पण पकडला जायच्या आधी गेथशेमाने बागेत शिष्यांना मोठं काही मागितलं नव्हतं, जागे राहा म्हणाला, घटकाभर. ते पण त्यांना जमलं नाही, झोपले. तरी त्यांच्यावरच मंडळी उभी राहिली, त्यामुळं आमच्यासारख्यांची पण सोय आहे.

साहेबांची गेल्या वर्षी बदली झाली, खानापूरच्या पुढं जंगलाकडं. तिथं पाऊस म्हणजे काय विचारू नका. परवा फोन आला, म्हणाले व्हेस्ट्रीच्या खिळ्याला माझा तो निळा रेनकोट राहिलाय, आणि कपाटात वरच्या फळीवर दोन पुस्तकं आहेत, येताना घेऊन ये. मी म्हटलं साहेब, पौल झालाय काय तुम्ही, त्यानं पण तीमथ्याला असंच लिहिलेलं, त्रोवसात कार्पाकडं झगा राहिलाय, पुस्तकं पण आण, आणि हिवाळ्याच्या आत ये. ते हसले, म्हणाले, देमास नाहीस एवढं बघ. देमास म्हणजे त्याच पत्रातला, पौलाला सोडून गेलेला.

रेनकोट काढून बघितला तर चेन तुटलेली. खडे बाजारात एकाकडं टाकलाय, शनिवारी देतो म्हणालाय, चाळीस रुपये. रविवारी मराठी उपासना झाली की निघणार, बायको म्हणते सोबत भाकरी बांधून देते, तिकडं कुठं काय मिळणार. चार बांध म्हटलं.